चालेल का?

८ फेब्रुवारी

बुटके,

मी अकरा अडॅप्टर मागवले. तेही ऑनलाइन. हस हवं तर. ज्या माणसानं दुकानाच्या फळीवर बसून "मोबाइलवरून माल मागवणारे लोक" म्हणून गिऱ्हाइकांचा उद्धार केला, त्याच्या दारात आता आठवड्यातून तीनदा डिलिव्हरीवाला येतो आणि मला काका म्हणतो.

तू उत्तर देणार नाहीस असं धरूनच लिहितोय. पत्ता जावईबापूंनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस, मी मागायला लागलो की माणसाला दिल्याशिवाय सुटका नसते हे तुला माहीत आहे.

परवा तुझ्या आईला जाऊन दोन महिने झाले. तिकडच्या अग्निशमनवाल्यांचा अहवाल जावईबापूंनी मला फोनवर ओळ न् ओळ समजावून सांगितला. आग भिंतीतल्या सॉकेटपाशी लागली. सॉकेटात लावलेला प्रवासी अडॅप्टर वितळला, त्यावर आईचा गरम हवेचा ब्लोअर चालू होता, शेजारच्या पडद्यानं पेट घेतला, आणि आई झोपेतच धुरानं गुदमरली. दुपारी तीनचा सुमार. तू दवाखान्यात, तीन दिवसांचं बाळ कुशीत. तुला हे सगळं पाठ असणार. तरी लिहिलं, कारण एवढं लिहून काढल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.

तर अडॅप्टर. लोकांना वाटतं त्यात काहीतरी यंत्र असतं. काही नसतं गं. तो फक्त पिनेचा आकार बदलतो, बाकी काही नाही. आत पितळेच्या दोन-तीन पट्ट्या आणि वर प्लास्टिक. पट्टी पातळ असली, पिनेला घट्ट धरत नसली, की नेमकं तिथे तापतं, आणि एकदा तापायला लागलं की पट्टी आणखी सैल होते. मी सगळे अकरा फोडले. तिघांच्या पिनांना लोहचुंबक चिकटलं, म्हणजे लोखंडावर मुलामा. एकाची अर्थिंगची पिन निव्वळ प्लास्टिकची. दाखवायला! एकात फ्यूजच्या जागी सरळ तारेचा तुकडा. त्याच्या पानावर मात्र चार हजार लोकांनी पाच-पाच चांदण्या दिलेल्या. चार हजार लोकांचे मोबाइल चार्ज झाले, एवढाच त्या चांदण्यांचा अर्थ.

घ्यायचाच झाला तर एक चांदणी देणाऱ्यांचं वाचावं. "सैल बसतो", "गरम होतो", "जळका वास येतो" असं दोघांनी जरी लिहिलं असेल तरी सोडून द्यावा. विकणाऱ्याचा धड पत्ता आहे का बघावं. मागच्या बाजूचा फोटो बघावा, कारण किती अँपिअर ते तिथेच कोरलेलं असतं. आणि सगळ्या जगाला पुरेल असा एकच डबा विकणाऱ्यापासून लांब राहावं. स्वस्त म्हणजे वाईट असं नाही. माझ्या अकरांत सगळ्यात चांगला निघालेला चांगलाच स्वस्त होता. एकाच देशापुरता, आत खरा फ्यूज, हातात घेतला की जड.

हे सगळं तुला आता कशाला सांगतोय कोण जाणे.

तुझ्या बाळंतपणाला तिकडे येताना आईनं तो ब्लोअर हट्टानं नेला. मी नको म्हणत होतो. तिकडे काय हीटर मिळत नाहीत का, असंही म्हणालो. पण तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

मी तुला दोष देत नाही. त्या दिवशी व्हिडिओवर जे बोललो ते दुःखाच्या भरात बोललो. आठवा महिना, घर आवरायचं, माणूस घाईत असतो. घाईत होते चूक. बाळाला जपा.

बाबा

१९ फेब्रुवारी

बुटके,

तो अडॅप्टर विकणाऱ्या कंपनीला मी तक्रार लिहिली. इंग्रजी शेजारच्या दुकानातल्या शिंपीमामांच्या सुनेनं करून दिलं. मी सांगितलेल्यातल्या निम्म्या शिव्या तिनं गाळल्या, तरी पत्र दणदणीत झालं होतं. काल उत्तर आलं. अतिशय गोड. आधी दुःख व्यक्त केलंय, मग लिहिलंय की वस्तूच्या पानावर, चौथ्या फोटोत, वापराबद्दल स्पष्ट सूचना दिलेली होती.

चौथ्या फोटोत! चौथा फोटो कोण बघतं?

हेच मी शिंपीमामांना मोठ्यानं विचारलं. ते काजं करत होते. मान वर न करता म्हणाले, "तुम्ही बघता. तुम्ही तर गिऱ्हाइकाच्या प्लगची पिनसुद्धा भिंग लावून बघता." मी म्हटलं, तुम्ही तुमची काजं सांभाळा. तेव्हापासून आमचं बोलणं जरा बेतानंच आहे. मी तोंड उघडलं की ते मशीन जोरात चालवतात.

घरी सगळं ठीक. ठीक म्हणजे काय, मी एकटा. आईच्या कपाटाला हात लावलेला नाही. तिच्या चष्म्याचं रिकामं घर टेबलावर आहे, चष्मा तिच्याबरोबर गेला. मी भांडी घासायला शिकलो. दोन कप फोडले. ती असती तर म्हणाली असती, चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा हात, आणि साबण लागला की पाघळतो.

तिचा शेवटचा फोन बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आला होता. "नाक तुमच्यावर गेलंय," म्हणाली, "स्वभाव तेवढा जाऊ नये म्हणजे मिळवली." मग म्हणाली, "लेकीला द्यायचा का फोन?" मी म्हटलं, नको, दमली असेल, झोपू दे. खरं म्हणजे मला भीती वाटली. तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकायचा, तो आईच्या शेजारी, दवाखान्यातल्या लोकांसमोर. मी म्हटलं, सवडीनं बोलू. हे पण लिहून टाकलं, बरं झालं.

दुकान उघडतो. कामं कमी आहेत. तू म्हणाली होतीस तसंच झालंय, लोक दुरुस्त करत नाहीत, नवीन मागवतात. खूश?

वाकडं बोललो. खोडत नाही, कागदावर डाग दिसतात.

बाबा

४ मार्च

बुटके,

जावईबापूंचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलंय, तेव्हा त्यांना पुन्हा एकदा माफ कर.

ते लिहितात की तू घरातले सगळे प्लग काढून ठेवतेस. ते सकाळी लावून जातात, संध्याकाळी येतात तो सगळे काढलेले, आणि तारा गुंडाळून खुर्चीवर ठेवलेल्या. हीटर नाही, बाळ तीन पांघरुणांत. पाणी गॅसवर तापवतेस. फ्रिजसुद्धा बंद. बाळाला मांडीवर घेतेस पण त्याच्याकडे बघत नाहीस, भिंतीकडे बघतेस. डॉक्टरीणबाईंना तू शांतपणे सांगितलंस की मी माझ्या आईला मारलं, आता या बाळाला मी सांभाळणं बरोबर नाही, दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं.

हे वाचेपर्यंत मी उभा होतो. पुढे त्यांनी लिहिलंय: "बाबा, ती सगळ्यांना एकच सांगते. अडॅप्टर मी एकटीनं निवडला, कुणालाही न विचारता."

मी स्टुलावर बसलो.

कुणालाही न विचारता. बुटके, असं का सांगतेस तू?

मला एक सांगायचं आहे, आणि ते सांगण्याआधी दुकानातलं सांगतो, म्हणजे हात लिहिता राहील. तुला आठवत असणारच. मिक्सर असो, इस्त्री असो, दुरुस्त झाली की आधी सिरीजच्या दिव्यावर लावून शॉर्ट नाही ना ते बघायचं, मग पूर्ण भारावर दहा मिनिटं चालवायची, हात लावून तापते का बघायचं. मग कागदाची पट्टी चिकटवायची आणि तीवर लाल पेनानं एकच शब्द. "चालेल." सात वर्षांची होतीस तेव्हापासून त्या पट्ट्या तूच लिहायचीस, कारण माझं अक्षर म्हणजे तुझ्या भाषेत झुरळानं शाईत पाय बुडवून केलेला प्रवास. एकदा एका इस्त्रीला तू घाईनं पट्टी लावलीस आणि मी ती फाडली. ओरडलो होतो केवढा. म्हटलं होतं, आपण "चालेल" लिहिलं की माणूस डोळे मिटून बटण दाबतो, कळलं का? तू रडलीस. त्यानंतर माझा हात फिरल्याशिवाय तू कधी पट्टी लावली नाहीस.

आज एवढंच. उद्या लिहितो. नक्की लिहितो.

बाबा

५ मार्च

बुटके,

१४ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मी एका पंख्याचं बेअरिंग काढत होतो. फोन वाजला, तुझा मेसेज. "बाबा, आईसाठी हा अडॅप्टर घेतेय. चालेल का?" खाली फोटो आणि लिंक.

तीन वर्षांनी. तीन वर्षांपूर्वी तू फळीवर उभी राहून, समोर गिऱ्हाईक असताना म्हणालीस की हे दुकान बंद करा बाबा, मला तिकडे त्या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत नोकरी मिळालीये, मी जातेय, तुम्हीही जरा आराम करा. आणि मी म्हणालो की जा, पण परत या फळीवर पाय ठेवू नकोस. आराम म्हणाली होतीस तू. मला ऐकू आलं की तुमचं काम संपलं. तुझ्या नोकरीचा मला राग नव्हता. तुझ्याइतका चांगला हात मला पुन्हा मिळणार नव्हता, आणि तुझ्याशिवाय दिवसभर तिथे बसायचं या विचारानंच मी घाबरलो होतो. हे तेव्हा म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडातून फळी निघाली.

तर तुझा मेसेज. पंखा तसाच ठेवला. उत्तर लिहायला बसलो. "कशी आहेस" लिहिलं, खोडलं, फारच मऊ वाटलं. "आता आठवण झाली का बापाची" लिहिलं, तेही खोडलं. "डॉक्टर काय म्हणतात, कितवा महिना" लिहिलं, मग वाटलं हे तर तिच्या आईकडून मला कळतं, ते तिलाही माहीत आहे, कशाला नाटक. दोन दिवस असं चाललं. तुझी आई म्हणाली, "अहो, पोरीनं विचारलंय, काहीतरी टाका की." तिसऱ्या दिवशी मी एक शब्द टाकला. चालेल.

मी फोटो उघडला नाही, बुटके. एकदाही नाही. लिंक तर नाहीच नाही. दोन दिवस तो मेसेज उघडून बसायचो, आणि त्यातलं पहिलं "बाबा" तेवढं वाचायचो.

आणि मला काय म्हणायचं होतं त्या शब्दातून? मला म्हणायचं होतं की ये, बोल, मला चालेल. झालं गेलं जाऊ दे, तू विचारलंस यातच सगळं आलं. एवढं सगळं त्या एका शब्दात कोंबलं मी. पण तू दुकानात वाढलेली. तू पट्टी वाचलीस. बाबांनी बघितलं, हात फिरवला, आता डोळे मिटून बटण दाबायला हरकत नाही. मीच शिकवलंय तुला तसं वाचायला.

अजून आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं की आईनं ब्लोअर हट्टानं नेला. खोटं लिहिलं. तो मी ठेवला तिच्या बॅगेत, माझ्या हातानं, दोन शालींच्या मध्ये. तिला थंडी सोसत नव्हती आणि नवीन वस्तूंची बटणं तिला कळत नव्हती. हा ब्लोअर मी तिच्यासाठी तीनदा दुरुस्त केलेला, त्याचा आवाज तिच्या ओळखीचा. ती उलट म्हणत होती, "कशाला हो ओझं, तिकडच्या सॉकेटात हा चालेल तरी का?" मी म्हणालो, "चालेल. अडॅप्टरचं मी सांगून ठेवलंय पोरीला." काय ऐटीत म्हणालो! दोन आठवडे घरात तेवढंच चालू होतं, पोरीनं मला विचारलं, पोरीनं मला विचारलं. शिंपीमामांना सांगून झालं, गिऱ्हाइकांना सांगून झालं.

मग सहा डिसेंबर. पासपोर्ट कधी काढलाच नव्हता, म्हणून मी जावईबापूंच्या हातातल्या मोबाइलमधून तुझ्या आईला शेवटचं बघितलं. तू पडद्यावर आलीस. डोळे सुजलेले, अंगावर दवाखान्याचे कपडे. तीन वर्षांनी तुझं तोंड बघितलं, आणि मी काय बोललो? "कुठून आणलास हा कचरा?" तिकडे चार-पाच माणसं उभी होती, इकडे शिंपीमामा. सगळ्यांनी ऐकलं. तू म्हणू शकली असतीस की बाबा, तुम्हाला विचारून आणला. तू म्हणालीस, "चुकलं माझं, बाबा."

खरं सांगतो, तोंडातून शब्द गेला तेव्हा मला तो मेसेज आठवत नव्हता. फोन ठेवल्यावर आठवला. वर सरकवत सरकवत ऑक्टोबरपर्यंत गेलो, आणि तेव्हा पहिल्यांदा फोटो उघडला. लिंक अजून चालू होती. चौथ्या फोटोत मागची बाजू. सहा अँपिअर. फक्त फोन आणि लॅपटॉपसाठी. हीटर लावू नये, असं हीटरचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारलेली. इंग्रजीसुद्धा यायची गरज नव्हती. आईचा ब्लोअर दोन हजार वॉटचा, पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. ती फुली बघायला मला अर्धं मिनिट लागलं. घड्याळ लावून बघितलंय नंतर.

मग मी तो मेसेज पुसून टाकला. तुझा प्रश्न आणि माझं उत्तर, दोन्ही.

तुझ्या फोनमध्ये ते आहे हे मला माहीत होतं. रोज वाटायचं, आज जावईबापू विचारतील. आज त्या अहवालवाल्यांचा फोन येईल. कुणी विचारलं नाही. मला वाटलं तू विसरलीस. मग वाटलं तू रागानं बोलत नाहीस, म्हणजे तुला सगळं आठवतंय. आणि काल कळलं की तू मला झाकून उभी आहेस. तीन महिने. ओली बाळंतीण, आई गेलेली, आणि त्यात हे.

मी अकरा अडॅप्टर कशाला फोडले माहीत आहे? मला असा एखादा हवा होता की ज्याच्याकडे बघून कुणालाच कळलं नसतं. एकही सापडला नाही. बघितलं की कळतं.

तू आईला मारलं नाहीस. तू विचारलंस. विचारणाऱ्याचं काम तिथे संपतं, पुढचं काम सांगणाऱ्याचं, आणि सांगणारा मी. हे पत्र जावईबापूंना दाखव. डॉक्टरीणबाईंना वाचून दाखव. अग्निशमनवाल्यांना द्यायचं असेल तर दे, खाली सही करतोय, पूर्ण सही. पण तुझ्या त्या लेकीकडे बघ. तिला थंडीत ठेवू नकोस. तिचं यात काही नाही आणि तुझंही नाही.

मला माफ कर असं लिहायला बसलो होतो. आता लिहून झाल्यावर वाटतंय, ते मागायचा मला हक्क नाही. मागत नाही.

बाबा

७ मार्च

पत्र काल पेटीत टाकलं. टाकल्यावर घाबरलो आणि परत काढता येतं का ते बघितलं. हात मनगटापर्यंत जातो, पुढे नाही. शिंपीमामांनी येऊन ओढून काढला. रस्त्यात लोक बघत होते. मग त्यांच्या दुकानात बसून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन बंद करून ऐकलं. मग म्हणाले, "मनगटाला हळद लावतो," आणि लावली.

तुला कळावं म्हणून लिहिलं. दुसरं काही नाही.

बाबा

२ एप्रिल

बुटके,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी ते दुपारपर्यंत फोडलंच नाही. शिंपीमामा दोनदा डोकावून गेले. मग फोडलं.

पोरी, तू एवढं लांब बसून एवढं थोडं कसं लिहू शकतेस? मी पानंच्या पानं खरडतो आणि तू एका पानात माझ्या काळजाला हात घातलास. ते पान मला पाठ झालंय. तरी इथे उतरवून काढतो. स्वतःच्या हातानं लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटणार नाही.

"बाबा, तुम्ही चालेल लिहिलंत तेव्हा तो अडॅप्टर माझ्या टेबलावर होता. चार दिवस आधीच येऊन पडला होता. घेतेय असं लिहिलं ते खोटं. मला अडॅप्टरचं विचारायचंच नव्हतं. तीन वर्षांनी तुमच्याशी काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि या एका विषयावर तुम्ही हमखास बोलाल एवढं माहीत होतं. मला वाटलं, तुम्ही चिडाल. म्हणाल, कसला फालतू माल उचललास, मी शिकवलं ते सगळं विसरलीस का. फोन कराल, पाच मिनिटं ओरडाल. मी त्याची वाट बघत होते. तुमचा एकच शब्द आला. मी तरी दोन दिवस आनंदात होते. मी तुमच्या हाताखाली शिकलेय, बाबा. तो डबा किती हलका आहे ते हातात घेताक्षणी कळायला हवं होतं. चार दिवस समोर होता, मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी फोनकडे बघत होते. म्हणून मी कुणालाही न विचारता असं सांगते. ते खरं आहे. फोन करू नका. अजून तुमचा आवाज ऐकवणार नाही. बाळाच्या खोलीतला हीटर परवापासून लावलाय. भिंतीत बसवलेला आहे, त्याला प्लग नाही. मी शेजारी बसून राहते."

हे वाचून मी काय करावं? रडलो. फळीवर बसून, उघड्या दुकानात. एक गिऱ्हाईक इस्त्री घेऊन आलं आणि तसंच परत गेलं.

तू ओरडा खायला विचारलंस, आणि मी नेमका त्याच दिवशी शहाण्यासारखा वागलो. जन्मभर ज्याला त्याला टाकून बोललो. तुझ्यावर एकदा, त्या एकदाच, ओरडायचं राहिलं. नेहमीसारखा वागलो असतो तर फोटो उघडला असता, मागची बाजू बघितली असती, तुझ्या नावानं शंख केला असता. तू तो डबा कचऱ्यात टाकला असतास. तुझी आई आज तिथे बसून बाळाला तेल लावत असती आणि माझ्या स्वभावाच्या तक्रारी सांगत असती. मला चांगलं वागायचं होतं गं. तुला परत दुखवायचं नव्हतं.

आधीच घेतलेला होतास म्हणून मी सुटत नाही. आणि चार दिवस समोर होता म्हणून तू अडकत नाहीस. असं मी ठरवलंय. तुला पटणार नाही हे मला दिसतंय. मला तरी कुठे पटतंय? रात्रंदिवस हिशेब मांडला तरी आई काही उठून येत नाही.

तू बाळाजवळ बसतेस हे चांगलं आहे. भिंतीतला हीटर तापतो तेवढाच तापणार, त्याच्याकडे बघत बसू नकोस. तिच्याकडे बघ. नाक खरंच माझ्यावर आहे का ते कळव.

मी फोन करणार नाही, शब्द देतो. तू सांगितलंस, ते मी पाळीन, वर्षभर म्हणालीस तर वर्षभर. पण तुला कधी वाटलं ना, तर आधी निमित्त शोधत बसू नकोस. अडॅप्टर, इस्त्री, काही नको. विचारायला काही नसलं तरी बोल.

बाबा